पीएफच्या नोंदीत एक हंगाम सुटला, तर पेन्शनचं काय होतं?

तेलगाव हे बीड-परळी रस्त्यावरचं, धारूर तालुक्यातलं साखर कारखान्याचं गाव. या भागातल्या अनेक घरांत कोणी ना कोणी हंगामी कामगार आहे, कोणी ड्रायव्हर, कोणी फिटर. तरुण पोरं पुणे, चाकण, वाळूजला ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात. पगारातून पीएफ कापला जातो एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या नावापुढे कोणत्या तारखा आणि कोणती नोकरी लिहिली आहे, हे फार थोडे जण बघतात. मुलीचं लग्न किंवा दवाखाना समोर आला की अर्ज केला जातो, आणि मोबाईलवर ‘क्लेम रिजेक्ट’ असा मेसेज येतो. मग धावपळ सुरू होते.

चुका कोणत्या होतात?

कामावर लागल्याची तारीख चुकते. काम सोडल्याची तारीख भरलीच जात नाही. ठेकेदार बदलला की जुना युएएन नंबर न विचारता दुसराच काढला जातो. कधी जिथे आपण पायही ठेवला नाही, त्या कंपनीची नोंद आपल्या खात्याला चिकटते. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात.

आपल्या घरांत नावाचा घोळ वेगळाच. ‘शेख’ शाळेच्या दाखल्यावर आधी, आधारवर शेवटी. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे नुसतं ‘मो.’ बायकोच्या नावापुढे एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’. कामगार हयात असताना हे चालून जातं. त्याच्या पश्चात विधवा पेन्शनचा अर्ज करायची वेळ आली की त्या बाईला हेच कागद घेऊन फिरावं लागतं.

हंगामी कामगाराचं नुकसान मोठं

कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे. वयाच्या 58 व्या वर्षी महिन्याची पेन्शन हवी असेल तर 10 वर्षांची सेवा लागते. 6 महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो.

हंगामी कामगारासाठी यात एक महत्त्वाची तरतूद आहे. त्याने वर्षात काही महिनेच काम केलं तरी ते पूर्ण वर्ष मोजलं जातं. म्हणजे गाळपाचा एक हंगाम म्हणजे पेन्शनचं एक वर्ष. याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे: एका हंगामाची नोंद सुटली तर पूर्ण वर्ष गेलं.

हिशेब सोपा आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगार 15,000 आणि सेवा 10 वर्षं असेल तर महिन्याला साधारण 2,143 रुपये बसतात. त्याच माणसाची नोंद 9 वर्षांची निघाली तर महिन्याची पेन्शन नाही, एकदाच थोडी रक्कम हातात पडते. रक्कम मोठी नाही हे आम्हालाही कळतं. पण म्हातारपणी कोणापुढे हात न पसरता औषधं आणता येतात, ती याच पैशातून.

नियम सुधारले, पण कोणासाठी?

जानेवारी 2025 पासून भविष्य निर्वाह निधी संघटनेने दुरुस्ती बरीच सोपी केली. ज्यांचा युएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतर आधारवरून निघाला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, लागल्याची आणि सोडल्याची तारीख ऑनलाइन दुरुस्त करता येते. मालकाची सही लागत नाही, कागदही जोडावे लागत नाहीत. त्याआधीचा युएएन असेल तर अर्ज मालकाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. आधारच जोडलेलं नसेल तर कागदी फॉर्म मालकामार्फतच द्यावा लागतो. चुकून जोडलेली नोकरी खात्यातून वेगळी करण्याची सोयही त्याच महिन्यात आली. तारखा एकमेकींवर चढल्या एवढ्याच कारणाने खात्याची बदली नाकारू नये, असं मे 2025 मध्ये कार्यालयांना कळवलं गेलं.

हे चांगलंच झालं. पण आज पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराचा विचार करा. युएएन आला 2014 मध्ये. त्याची अर्धी नोकरी त्याआधीच्या कागदी रजिस्टरात आहे. जन्मतारीख मास्तरांनी लिहिलेली 1 जून. जुना ठेकेदार आता कुठे आहे ते माहीत नाही. सोय सर्वात जास्त मिळाली ती ज्याच्या हातात अजून तीस वर्षं आहेत त्याला. ज्याची पेन्शन दोन वर्षांवर आली, त्याला अजूनही मालकाचं दार वाजवावं लागतं. नोंद लिहिणारा मालक आणि नुकसान सोसणारा कामगार, हे गणित बदललेलं नाही.

आपण काय करू शकतो?

वाट बघू नका. नोकरीत असतानाच पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडून बघा. नुसतं पासबुक बघून भागत नाही.

सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिन्यांनी ती स्वतः भरता येते.

दोन युएएन असतील तर पैसे काढू नका, आधी खाती एकत्र करा. सलग 5 वर्षं भरली नाहीत आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर टीडीएस कापला जातो.

कंपनी बंद पडली असेल तर फॉर्मवर राजपत्रित अधिकारी, नोटरी, पोस्टमास्तर किंवा आपलं खातं असलेल्या बँकेच्या मॅनेजरची सही चालते.

चुकीच्या नोंदीवर वर्गणी जमा झालेली असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जुन्या पगारपावत्या, हजेरी कार्ड, नेमणुकीचं पत्र फेकू नका.

या कामाला फी नाही. एजंटला पैसे देऊ नका, ओटीपी तर कोणालाच सांगू नका.

बीड जिल्ह्याचं काम छत्रपती संभाजीनगरच्या पीएफ कार्यालयाकडे आहे. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरतं, तिथे तक्रार मांडता येते. पण एका दिवसाची मजुरी बुडवून किती कामगार तिथवर जातील? हंगाम सुरू होण्याआधी एक शिबिर तेलगावसारख्या कारखान्याच्या गावात भरावं, ही मागणी कामगार संघटनांनी आणि ग्रामपंचायतीने लेखी करायला हवी. आणि आपल्या घरात शिकलेलं पोरगं आहे, त्याने या जुम्म्याला नमाजनंतर अब्बांचा मोबाईल घेऊन अर्धा तास बसावं. अब्बा कामावर आहेत तोवर चूक दुरुस्त होते. नंतर तीच चूक अम्मीच्या वाट्याला येते.