राज्यमातेची नोंदवही

३० सप्टेंबर २०२४ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ हा किताब बहाल केला, गोशाळांतील देशी गाईंसाठी दर गाईमागे रोज ५० रुपये मंजूर केले, आणि पाचच दिवसांनी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते गाईची जनुके वाचणाऱ्या ‘गौचिप’चे लोकार्पण झाले. एका आठवड्यात मातेस किताबही लाभला आणि चिपही. दुधाची नोंदवही मात्र अद्याप कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

चिप गाईच्या हजारो जनुकीय खुणा वाचील. परंतु कोणत्या खुणेपाठी किती दूध आणि किती स्निग्धांश, हे त्या चिपेस कोणी सांगावे? दुधाचे मान एखाद्या जनुकाच्या मर्जीवर नसते; असंख्य जनुकांचा त्यात अल्पस्वल्प वाटा असतो आणि वैरणपाण्याचाही असतो. वळू तर स्वतः दूध देत नाही. त्याची योग्यता त्याच्या कन्यांच्या धारेवरूनच ठरते. ती धार मापून, वेतामागून वेत, बिल्ल्याच्या क्रमांकापुढे कोणी लिहिलीच नसेल, तर चिप म्हणजे अर्थावाचून नुसती अक्षरे.

आपल्याच सौराष्ट्रातून नेलेल्या गीर गाईंच्या वळूंची पारख ब्राझीलने १९८५पासून कन्यांच्या दूधनोंदीवर चालविली, आणि आज तेथील गीरचे रेत मागविण्याची पाळी आपणांवर आली. त्या देशाने गाईस कोणताही किताब दिल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय ‘देशी’ ही काही एक जात नव्हे. खिलार ओढीची, डांगी सह्याद्रीच्या मुसळधार पावसाची, देवणी दूध आणि नांगर दोहोंची. या सर्वांस एकाच सनदेत कोंबणारे दफ्तर त्यांतील भेद काय जोपासणार? पुण्याच्या पेठांतून चढ्या दराने खपणाऱ्या ‘ए-टू’ दुधाचीही तीच कथा. बीटा-केसीन प्रथिनाच्या ६७व्या स्थानी हिस्टिडिनऐवजी प्रोलिन असणे, एवढाच तो महिमा. देशी गाईंत तो बहुतांशी असतोच आणि म्हशीतही असतो! अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४च्या २१ ऑगस्टला ही अक्षरे वेष्टनांवरून पुसण्याचे फर्मान काढले आणि २६ तारखेस ते मुकाट्याने मागे घेतले. शास्त्राची ही अवस्था, मग गवळ्याने विश्वास ठेवावा कोणावर?

मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ज्या उरुळी कांचनात ‘बाएफ’ची स्थापना करून संकरित गाय गरिबाच्या दारी नेली, ते गाव पुण्याच्या जवळच आहे, आणि पुण्यातच शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात देशी गाईचे संशोधन केंद्रही आहे. माणसे आहेत, विद्या आहे. परंतु ते ५० रुपये जातात गोशाळेकडे. अकोले तालुक्यात डांगी गाय राखून तिची धार काढणाऱ्या गोपालकाच्या वाट्यास त्यांतील छदामही नाही. २०२४च्या निवडणुकीच्या तोंडावर तिजोरी उघडलीच होती, तर आता महिन्यातून एकदा गोठ्यावर जाऊन सकाळ-संध्याकाळचे दूध मापणारा मापारी तालुक्या-तालुक्यांत नेमावा आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघेल, हे पुढील बैठकीतच मंत्रिमंडळाने ठरवावे.