टोकियोनं किनारा नव्यानं केला, आपण होती ती वाळू विकली

जपानमधल्या आपल्या पोरांचे फोटो फेसबुकवर आले की खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. "शिस्त बघा यांची!" "आपल्याकडं होणं शक्य नाही." "आपली जनताच तशी."

माझा मावसभाऊ टोकियोत निशी-कासाईला राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग, मराठी कुटुंबं बरीच. मूळ महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले. भाऊ सुट्टीत बायको-लेकरांना घेऊन कधी मात्सुरीला जातो, कधी समुद्रावर. फोटो टाकतो. आणि इथं अंकुशनगरात बसून आपण स्वतःच्याच माणसांना नावं ठेवतो.

मला हे पटत नाही. शिस्त रक्तात नसते, ती करावी लागते.

मात्सुरी म्हणजे तरी काय? देवाची पालखी खांद्यावर, ढोल, आरोळ्या, खाण्याच्या गाड्या, लेकरांची झुंबड. आपली जत्राच की! आणि गर्दी तिथंही माणसं मारते. जुलै २००१ मध्ये आकाशी शहरात आतषबाजी बघायला आलेल्या लोकांची पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. ११ जण गेले, बहुतेक लहान मुलं. मग काय झालं? पोलीस आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले, शिक्षा झाल्या, गर्दीच्या बंदोबस्ताचे नियम कडक झाले. "जनताच तशी" म्हणून कुणी सुटलं नाही.

आपल्याकडं जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीला जवळपास ३०० माणसं मेली. आयोगही बसला. पण आज आपल्या भागातल्या कुठल्याही यात्रेला जा आणि बायांसाठी शौचालय किती, बाहेर पडायची वाट कुठं, ॲम्ब्युलन्स आत कशी येणार, एवढं विचारून बघा. उत्तर मिळालं तर मला कळवा, बातमी करतो.

आता समुद्राचं. भाऊ जातो तो कासाईचा किनारा माणसानं केलेला आहे. कारखान्यांची घाण आणि समुद्रात टाकलेला भराव यांनी जुना किनारा संपवला होता. लोकांचं पोहणं बंद पडलं. मग सरकारनं नवा किनारा केला, पाणी सुधारलं, आणि अर्ध्या शतकानंतर लोक तिथं पुन्हा पाण्यात उतरले. २०१८ मध्ये हा भाग रामसर यादीत गेला. म्हणजे नासवलेलं दुरुस्त करता येतं.

आपल्याला समुद्र नाही, पण गोदामाय आहे. शहागडपासून खाली गोदाकाठच्या गावांना देवानं फुकट दिलेलं वाळवंट होतं. लग्नाची वऱ्हाडं, दशक्रिया, लेकरांचे खोपे, सगळं त्याच वाळूवर. आज काय आहे? खड्डे. केनी आणि जेसीबीनं पोखरलेल्या पात्रात पाणी साचलं की खोली कळत नाही. त्यात बुडालेल्या पोरांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात. दोन ओळीत संपते ती बातमी. घरच्यांचं आयुष्य मात्र तिथंच थांबतं.

कायदा नाही म्हणता? २०१५ मध्ये वाळूतस्कर एमपीडीएखाली आले. २०२३ मध्ये सरकारनं ६०० रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं. २०२५ मध्ये ते गुंडाळून पुन्हा लिलाव आणला. धोरणं बदलली. रात्री दोनला धावणारे हायवा बदलले का?

जपान काही स्वर्ग नाही. एकटेपणा, कामाचा रेटा, परक्या माणसाला घर भाड्यानं मिळायची मारामार, भाऊ सगळं सांगतो. पण रविवारी लेकरांना कुठं न्यायचं, हा प्रश्न त्याला पडत नाही. आपल्याला पडतो. मोबाईल हातात देऊन आपण तो मिटवतो.

तेव्हा फोटोखाली "शिस्त बघा" लिहायच्या आधी पुढच्या ग्रामसभेला जा. आपल्या घाटाचा लिलाव किती ब्रासचा झाला? उचलली किती? खड्डे कोण बुजवणार? तीनच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. एकट्यानं जाऊ नका, दहा जण मिळून जा.

कॉपी-पेस्ट करायला हरकत नाही. नाव नाही टाकलं तरी चालेल.