भावनेला संगीतकार आला आणि आपण गप्प झालो



भाऊबीज झाली की आमच्या नागभीडच्या आजूबाजूच्या गावांत मंडईचे दिवस सुरू होतात. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, ही भाजीची मंडई नव्हे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत धान हाती येऊ लागलं की गावोगावी भरणारा हा मेळा. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, मुलामुलींची लग्नं जुळतात.

लग्न होऊन मी या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. दरवर्षी मंडईची निमंत्रणं येतात, कारण आमचं धान्याचं दुकान आणि गिऱ्हाईक सगळं खेड्यातलं. पण घरातल्या बायका कधी गेल्या नाहीत. रात्रीचं जागरण, बाहेरचं खाणं, आणि लोक काय म्हणतील. गेल्या वर्षी मात्र मी गेले. निमित्त झालं माझी अमेरिकेतली भाची.

ती आणि जावईबापू तिकडच्या एका ब्लूग्रास संगीत महोत्सवाला तंबू घेऊन तीन दिवस राहून आले. ब्लूग्रास म्हणजे बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार यांवर वाजणारं तिथल्या डोंगराळ खेड्यांतलं गाणं. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदाच्या नावावरून त्याला हे नाव पडलं, आणि 1965 साली व्हर्जिनियात फिनकॅसल इथे त्याचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव भरला. भाचीने थेपले, खाखरे, सुकी चटणी बांधून नेली होती, त्यामुळे जेवणाची अडचण आली नाही.

ती म्हणाली, "मावशी, खरी मजा स्टेजवर नसते, तंबूंच्या मध्ये असते." रात्री लोक खुर्च्या गोल मांडून बसतात. एकजण गाणं सुरू करतो, बाकीचे साथ धरतात. मग पाळीपाळीने प्रत्येकाला थोडं वाजवायला मिळतं. नवशिका मागे बसून हळू वाजवत शिकतो. कोणी कोणाला ओळखत नाही, पण गाणी सगळ्यांना पाठ.

तिलाही कोणीतरी म्हणालं, तुमच्याकडचं एक गाणं म्हणा. तिने लहानपणापासून ऐकलेलं स्तवन सुरू केलं आणि पहिल्या कडव्यानंतर अडली. पुढचे शब्दच येईनात. "मोबाईल काढायची लाज वाटली गं," ती म्हणाली.

मी तिला हसले. मग देवघरात बसून स्वतःची परीक्षा घेतली. बारा स्तवनं आठवली, त्यातली पूर्ण आली चार. सासूबाईंना पन्नासच्या वर येत होती, पुस्तक न उघडता.

म्हणून मग मंडई. पाचच्या आत जेवून, चौविहाराचं पच्चक्खाण घेऊन आम्ही दोघं निघालो. गावात पोचलो तेव्हा दंडार अजून चालू होती. चार दिवसांपूर्वी आमच्या दुकानात धानाचं पोतं उतरवणारा मुलगा लुगडं नेसून नाचत होता, आणि त्याचा काका ढोलकीवर. गाणी म्हणायला बघ्यांपैकीही कितीतरी जण. "या जी, बसा जी," म्हणत बायकांनी मला चटईवर जागा करून दिली.

रात्री नाटक. रंगमंचासमोर पेटी आणि तबला, नट स्वतः गाणारे. उजाडेपर्यंत कोणी उठत नाही. आमच्याकडे वाघाचं जंगल. मध्यरात्री नाटक संपलं तर माणसं घरी जाणार कशी? माझ्या शेजारची आजी प्रत्येक गाण्याला ओठ हलवत होती. पहाटे घरी आलो, नवकारशी आल्यावर चहा घेतला. ना व्रत मोडलं, ना आभाळ कोसळलं.

या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण ती रंगभूमी आपल्या दारात असून आपण कधी चटईवर जाऊन बसलो नाही.

त्या आजीला पाहून मला आपली मंदिरातली भावना आठवली. पूर्वी एकीने स्तवन उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. सूर चुकायचा, हसू यायचं, पण नव्या सुना तिथेच शिकायच्या. आता बाहेरून संगीतकार येतो, मोठे स्पीकर येतात, सिनेमाच्या तर्जा वाजतात. आपण टाळ्या वाजवतो आणि मोबाईलवर व्हिडिओ काढतो. मागच्या वेळी एका वयस्कर काकूंनी मध्येच जुनं स्तवन सुरू केलं. माईकच्या आवाजात ते कोणाला ऐकूही गेलं नाही. काकू थांबल्या. मीही त्यांच्या बाजूला बसून काही केलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

अष्टापदावरच्या रावणाची कथा आपण सगळ्याजणी मुलांना सांगतो. रावण वीणा वाजवतोय, मंदोदरी नाचतेय, आणि तार तुटते. भक्तीत खंड पडू नये म्हणून तो आपल्या शरीरातली नस काढून तिथे जोडतो आणि तीर्थंकर नामकर्म बांधतो. लंकेच्या राजाला वादक मागवता आला नसता का? पण त्याने वीणा स्वतः वाजवली.

माझा संगीतकारांवर राग नाही. त्यांचं ते पोट आहे, आणि प्रतिष्ठेला, पर्युषणात त्यांच्यामुळे तरुण मुलं येतात हेही खरं. नाटक पाहणं म्हणजे प्रमाद, असंही कोणी म्हणेल. मान्य, पण मग रात्री अकरापर्यंतच्या मालिकांचं काय? मंडईतलं सगळंच चांगलं असतं असंही नाही. मी शंकरपटाला जात नाही, बैलांना पळवताना पाहवत नाही. काही नाटकांतला नाच लेकीसोबत पाहण्यासारखा नसतो. निवडून जावं.

माझं म्हणणं एवढंच, की पैसे देऊन ऐकलेली भक्ती कानाला गोड लागते, पण पाठ होत नाही. आणि जे पाठ नाही ते लेकीला काय देणार? ती परदेशात गेली तर पहिल्या कडव्यावरच अडणार.

म्हणून आम्ही नागभीडच्या आठ-दहा जणींनी कार्तिकी पौर्णिमेपासून एक सुरू केलंय. दर पौर्णिमेला एकीच्या घरी, जेवणं आटोपून, प्रतिक्रमणानंतर गोल बसायचं. माईक नाही, मोबाईल दाराशी टोपलीत. प्रत्येकीने एक स्तवन पाठ म्हणायचं. येत नसेल तिने मागे बसून साथ द्यायची. पहिल्या पौर्णिमेला त्याच काकूंना बोलावलं. त्यांनी त्या दिवशी अर्धवट राहिलेलं स्तवन पूर्ण म्हटलं. आम्हाला ध्रुवपदापुरतंच येत होतं, तेवढं आम्ही म्हटलं.

तुमच्या गावात करून बघा. आणि भाऊबीजेनंतर इकडे आलात तर मंडईला माझ्यासोबत चला, चटई मी आणते.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.