शिष्यवृत्ती की अर्धेली?

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द आपल्या धर्मग्रामांतील घरांना नवा नाही. जून महिना तोंडावर आला की कुणाला वह्यापुस्तकांची, कुणाला कॉलेजच्या फीची विवंचना लागते. मग सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी घरी येऊन विचारपूस करतात, आखातात नोकरीला असलेला एखादा शेजारी नाव न सांगता पैसे धाडतो, आणि मूल शिकते. देणारा ते पैसे परत मागत नाही; मुलाच्या पहिल्या पगारात त्याचा वाटा नसतो. म्हणूनच या शब्दाला आपल्याकडे एक अब्रू आहे. तो अलीकडे कोणत्या बाजारात वापरला गेला हे जेव्हा आमच्या ध्यानात आले, तेव्हा आम्हाला संताप आला. आणि तो लपवून लिहिण्याची आमची इच्छा नाही.

प्रकरण फिलिपिन्समधले आहे. ज्यांच्या घरचे कुणी जहाजावर वा आखातात आहे त्यांना फिलिपिनो माणूस परका नाही. आपल्यासारखाच रविवारी मिस्साला जाणारा, आपल्यासारखाच महिनाअखेरीस घरी पैसे पाठवणारा. मार्च २०२० मध्ये लुझोन बेटावर टाळेबंदी आली आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांचे हात रिकामे झाले. त्या रिकाम्या हातांत एक खेळ आला. त्याचे नाव ‘ॲक्सी इन्फिनिटी’. तो तयार करणारी ‘स्काय मेव्हिस’ ही कंपनी व्हिएतनाममधली. पडद्यावरचे गुबगुबीत प्राणी एकमेकांशी झुंजवायचे, जिंकल्यावर ‘एसएलपी’ नावाचे डिजिटल नाणे मिळवायचे, आणि ते बाजारात विकून खऱ्या पेसोंत पैसे घ्यायचे. मनिलाच्या उत्तरेकडील काबानातुआन शहरातील माणसे असे खेळून घर कशी चालवतात, हे दाखवणारा एक माहितीपट मे २०२१ मध्ये निघाला. तो जगभर पाहिला गेला आणि ‘गरिबांना तंत्रज्ञानाने तारले’ अशी द्वाही फिरली.

परंतु खेळायला तीन प्राणी विकत घ्यावे लागत. २०२१ च्या मध्यास त्यांची किंमत कित्येकशे डॉलर, कधी हजाराच्याही पुढे गेली होती. हे प्राणी म्हणजे ‘एनएफटी’. आपल्या शेतकरी वाचकांसाठी सांगायचे तर, हा एक सातबारा आहे; मात्र त्यामागे जमीन नाही. संगणकांच्या सामाईक नोंदवहीत ‘अमुक चित्र अमुक खातेदाराचे’ अशी नोंद असते, आणि विक्री होते ती त्या नोंदीची. त्या वर्षी अशा नोंदींचा मोठा सुकाळ झाला. ११ मार्च २०२१ रोजी ख्रिस्टीजच्या लिलावात बीपल या अमेरिकन चित्रकाराच्या डिजिटल चित्राची नोंद ६ कोटी ९३ लाख डॉलरना गेली. मे महिन्यात ‘रोब्लॉक्स’ या खेळात गुच्ची कंपनीची एक हातपिशवी चार हजारांहून अधिक डॉलरना विकली गेली; त्या बनावटीच्या खऱ्या चामड्याच्या पिशवीहूनही महाग, आणि खेळाबाहेर तिच्यात एक रुमालसुद्धा ठेवता येत नाही. श्रीमंतांनी आपले पैसे कशावर उधळावे हा त्यांचा प्रश्न. आमचे भांडण त्यांच्याशी नाही.

आमचे भांडण पुढच्या पायरीशी आहे. ज्यांच्यापाशी हजार डॉलर नाहीत त्यांचे काय? त्यांच्यासाठी एक व्यवस्था निघाली आणि तिला नाव दिले गेले ‘स्कॉलरशिप’. प्राण्यांचा मालक ‘मॅनेजर’, आणि त्याचे प्राणी घेऊन दिवसभर झुंजवणारा तो ‘स्कॉलर’. नाण्यांच्या खात्याची किल्ली मालकाकडे. स्कॉलरकडे केवळ खेळात शिरण्याची परवानगी. कित्येक मालक रोज अमुक नाणी आलीच पाहिजेत असे ठरवून देत, आणि तो आकडा भरला नाही तर दुसरा माणूस घेत. वाट पाहणाऱ्यांची रांग होतीच. मिळकतीचे वाटे ठरलेले असत. ‘यील्ड गिल्ड गेम्स’ या मोठ्या संघात खेळणाऱ्याला सत्तर टक्के, त्याला कामाला लावणाऱ्याला वीस आणि संघाला दहा टक्के मिळत. सुट्या मालकांकडे निम्मे-निम्मेही चाले.

वाचकहो, या व्यवहाराला आपल्या भाषेत शब्द आहे. त्याला अर्धेली म्हणतात. मालकाची जमीन, कुळाची मेहनत, पिकाचे वाटे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती केली आहे. तिच्यात लाज नाही, पण तिला कुणी शिष्यवृत्ती म्हटले नव्हते. ‘शिष्य’ म्हटला तर तो काय शिकला? रोज तेच प्राणी, तीच झुंज. आणि ‘वृत्ती’ म्हटली तर ती कोण कुणाला देत होते?

आमचे काही सुशिक्षित मित्र येथे आम्हाला अडवतात. ते म्हणतात, सत्तर टक्के हा वाटा अर्धेलीहून पुष्कळ बरा. शिवाय त्या पैशांनी टाळेबंदीत कित्येकांची कर्जे फिटली, औषधे आली. औषधे आली हे आम्ही नाकारीत नाही, आणि उपाशी माणसाने काम पत्करले म्हणून त्याला बोल लावण्याइतके आम्ही निर्दय नाही. परंतु सत्तर टक्के कशाचे? अर्धेलीच्या कुळाला भात मिळे. बाजारभाव पडला तरी भात शिजवता येतो. येथे वाटा मिळे तो एसएलपीचा, आणि या नाण्याचा खरा उपयोग एकच होता: नव्या प्राण्यांची पैदास करणे. नवे प्राणी लागतात ते नव्या खेळाडूंना. म्हणजे जोवर नवी माणसे पैसे घेऊन आत येत आहेत तोवर जुन्यांच्या नाण्याला गिऱ्हाईक. त्यांचा ओघ आटला की रोज लाखो हातांनी पिकवलेले नाणे पडून राहणार. तसेच झाले. जुलै २०२१ मध्ये एका एसएलपीला सुमारे ४० सेंट मिळत होते. मे २०२२ पर्यंत ते एका सेंटच्याही खाली आले. वाटा सत्तर टक्केच होता. दरम्यान प्राण्यांच्या प्रत्येक खरेदीविक्रीवर सव्वाचार टक्के दलाली कंपनी घेत आली होती, आणि ती इथरमध्ये, एसएलपीमध्ये नव्हे.

आणखी एक भेद आहे, आणि आमच्या मते तोच मुख्य आहे. मुंबई कुळवहिवाट कायदा १९४८ साली झाला, आणि पुढील दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. वसईपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक घरांचा सातबारा त्या दिवसाचे देणे आहे. राबणाऱ्याचा राबलेल्या वस्तूवर काही हक्क उत्पन्न होतो, हे तत्त्व मान्य व्हायला आपल्याकडे पिढ्या गेल्या. या नव्या अर्धेलीत दोन वर्षे तेच प्राणी झुंजवले तरी त्यांतला एक केसही स्कॉलरचा होत नसे. जे जमीनदारीने गमावले ते ‘भविष्यातील अर्थव्यवस्था’ या नावाने परत आणले गेले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत शिकलेली माणसे पुढे होती.

आम्ही यंत्रांचे वैरी नाही. याच नोंदवहीच्या तंत्रावर जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१७ साली जॉर्डनमधील अझराक छावणीत सीरियन निर्वासितांचा किराणा सुरू केला: निर्वासिताने दुकानात डोळ्याची ओळख द्यायची, त्याच्या नावे जमा असलेल्या रकमेतून हिशेब वळता व्हायचा, बँकांची दलाली वाचायची. (भुकेल्याचा डोळा नोंदवून घ्यावा का, याबद्दल आम्हाला शंका आहेत, त्या पुन्हा केव्हातरी.) परंतु तेथे देणारा त्या पिठात वाटा मागत नव्हता. मार्च २०२१ मध्ये ट्विटरचे जॅक डॉर्सी यांनी आपल्या पहिल्या संदेशाची नोंद २९ लाख डॉलरना विकली आणि पैसे आफ्रिकेतील गरिबांसाठी ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेला दिले. हे दान खरे होते. घेणाऱ्याने एप्रिल २०२२ मध्ये तीच नोंद ४ कोटी ८० लाख डॉलर मागत विक्रीस काढली, तेव्हा लिलाव संपेतो वरची बोली ३०० डॉलरांपर्यंतही पोचली नाही. येथे बुडाला तो धनिक. काबानातुआनमध्ये बुडाली ती मजुरी, आणि तिला मजुरी म्हणायलाही कुणी तयार नव्हते. या फरकाकडे आमचे मित्र पाहत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते.

ते आणखी एक दाखला देतात. २३ मार्च २०२२ रोजी या खेळाच्या ‘रोनिन’ या तिजोरीवर चोरांनी डल्ला मारला. साठ कोटी डॉलरांहून अधिक ऐवज गेला, आणि सहा दिवस कुणाला पत्ता लागला नाही. अमेरिकेच्या एफबीआयने पुढे त्यामागे उत्तर कोरियाच्या ‘लॅझरस’ टोळीचा हात असल्याचे जाहीर केले. तथापि कंपनीने गुंतवणूकदारांकडून पंधरा कोटी डॉलर उभे केले, स्वतःची भर घातली, आणि २८ जून २०२२ ला व्यवहार पुन्हा खुला करताना लोकांच्या ठेवी भरून दिल्या. पाहा, ही माणसे शब्दाला जागली, असे आमचे मित्र म्हणतात. जागली खरीच. ज्यांच्या नावे ठेव होती त्यांना नाण्याला नाणे मिळाले. त्याच जूनमध्ये एसएलपी एका सेंटच्या आतच रेंगाळत होते, आणि ते पिकवण्यात ज्यांचे दिवस गेले त्यांच्या नावे तिजोरीत काही नव्हतेच; त्यामुळे त्यांना काय द्यायचे हा प्रश्न कुणापुढे आला नाही.