त्याला हौस म्हणू नये

'युद्धात हौसेने जाणाऱ्या पत्रकारांचे एवढे कौतुक कशाला?' असे विचारणारे पत्र वाचले. त्यातला 'हौस' हा शब्द खटकला.

पत्रकार मेरी कोल्विन यांनी २००१ मध्ये श्रीलंकेत एक डोळा गमावला, तरी वार्तांकन सोडले नाही. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी सीरियातील होम्स शहरात तोफमाऱ्यात त्या ठार झाल्या. आदल्याच दिवशी त्यांनी वेढ्यात अडकलेल्या सामान्यांचे हाल वाहिन्यांवरून सांगितले होते. हा चुकून झालेला मारा नव्हता. सीरियाच्या राजवटीने माग काढून त्यांना मारले, असा निकाल अमेरिकी न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि तीस कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठोठावली. म्हणजे धोका रणांगणाचा तर आहेच, पण सत्य लपवू पाहणाऱ्यांचाही आहे. वेस्ट बँकमधील जेनिनमध्ये २०२२ साली पत्रकार शिरीन अबू अक्लेह मारल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर 'प्रेस' लिहिलेले निळे जाकीट होते. पत्रकारांना नागरिक मानून संरक्षण देणारा करार १९७७ चा आहे. तो किती पाळला जातो, हे दिसतेच.

आपल्या छायाचित्र-पत्रकार दानिश सिद्दीकीचा मृत्यूही २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील कंदाहार प्रांतात कामावर असतानाच झाला.

आणि स्थानिक बातमीदारांचे काय? परदेशी पत्रकार निदान परत तरी जाऊ शकतो. ज्याचे घरच युद्ध चाललेल्या गल्लीत आहे, त्याने कुठे जावे? पत्रलेखकांनी या स्थानिक बातमीदारांपुरता तरी 'हौस' हा शब्द मागे घ्यावा.

— एक निवृत्त उपसंपादक, सातारा