रात्री लावलेली सहरी

रमजानमध्ये घरात सर्वांत आधी कोण उठते, हे वेगळे सांगायला नको. बाकीचे सहरीला दस्तरखानावर येतात, तोवर तिची तासाभराची झोप गेलेली असते. स्लो कुकर ही झोप वाचवू शकतो. मात्र त्याची रीत आधी समजून घ्यायला हवी.

ही रीत आपल्याला परकी नाही. ‘नहार’ म्हणजे दिवस. त्या अरबी शब्दावरूनच निहारीचे नाव आले. रात्रभर मंद आचेवर शिजायची आणि सकाळी खायची. स्लो कुकर हेच विजेवर करतो. रात्री आठला, इफ्तारीचा पसारा आवरताना ‘लो’वर लावले, तर पहाटे चारला मटण हाडापासून सुटलेले असते.

सुरुवात १ किलो नळीच्या मटणाने करावी. कांदा, आले-लसूण आणि मसाला आधी गॅसवर परतून घ्यावा, कारण या भांड्यात काहीही खरपूस होत नाही. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी नेहमीपेक्षा कमी, २ कप पुरे. भांडे अर्ध्याहून अधिक भरावे, पण काठोकाठ नको. दही आणि कोथिंबीर शेवटी घालावी. मध्येच झाकण उघडू नये. एकदा उघडले की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटे लागतात.

आता जपायच्या गोष्टी. फ्रीजरमधले गोठलेले मटण थेट घालू नये; ते हळू तापते आणि तेवढ्यात जंतू वाढतात. आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सैल होऊ द्यावे. राजमा तर कच्चा कधीच घालू नये. त्यातला विषारी अंश मंद आचेने जात नाही आणि उलट्या होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावा आणि मगच कुकरमध्ये टाकावा. उरलेले अन्न या भांड्यात गरम करू नये; ते गॅसवर उकळावे.

आपल्याकडचा मोठा प्रश्न विजेचा. रात्री वीज जाण्याचा भरवसा नसेल, तर कुकर दिवसा, कोणी जागे असताना चालवावा. वीज गेल्याचे लगेच कळले तर सगळे गॅसवर चढवता येते. पण अर्धवट शिजलेले मटण झोपेत दोन तासांहून अधिक तसेच पडून राहिले, तर जिवावर दगड ठेवून फेकून द्यावे. रोजाच्या दिवशी पोट बिघडले, तर दिवसभर पाणीही घेता येत नाही आणि रोजा सोडण्याची वेळ येते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. परतलेला मसाला तयार असेल, तर मटण घालून बटण फिरवणे घरातल्या कोणालाही जमते. रमजानभर ही पाळी मुलांनी आणि त्यांच्या अब्बांनी घ्यावी. मग पहाटे तीही सर्वांबरोबरच उठेल आणि सर्वांबरोबरच जेवायला बसेल.