मोकळी जागा हेही औषधच

मधुमेहाची गोळी लिहून दिली की डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास चाला." सांगणे सोपे आहे. पण तालुक्याच्या गावाबाहेर नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधून राहिलेल्या माणसाने चालायचे कोठे? समोरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूचे डंपर. मागे बाभळी व सांडपाण्याचे डबके. आतल्या रस्त्यांवर खडीचे ढीग आणि मोकाट कुत्री. मग चालणे आठवडाभरात बंद पडते आणि गोळ्या तेवढ्या वाढत जातात.

वास्तविक या दुखण्यावरचा एक इलाज मंजूर ले-आऊटच्या नकाशातच असतो. राज्यात २०२० साली लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना १० टक्के क्षेत्र मोकळे ठेवावे लागते. यालाच आपण 'ओपन स्पेस' म्हणतो. पाच एकरांच्या ले-आऊटमध्ये ही जागा वीस गुंठे भरते. ती चौरस व सलग असेल तर कडेने एक फेरी सुमारे १८० मीटरची होते. अशा चौदा फेऱ्या मारल्या की अडीच किलोमीटर, म्हणजेच डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास पुरा होतो.

परंतु बहुतेक ठिकाणी ही जागा नकाशावरच राहते. चांगल्या दर्शनी जमिनीचे प्लॉट पडतात. ओढ्याकाठचा तिरपा तुकडा किंवा विजेच्या तारांखालची पट्टी ओपन स्पेस म्हणून दाखवली जाते. जागा बरी असलीच, तर पाचसात वर्षांत तेथे कोणाची गुरे बांधली जातात, कोणाचा गाळा उभा राहतो, उरलेल्या भागात उकिरडा होतो. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीची कथा तर आणखी वाईट. तेथे नकाशाच नसतो, मग मोकळी जागा कोठून असणार? अशी घरे नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी कायदा आला. त्याने घर कागदावर नियमित होईल, पण न सोडलेले मैदान काही उगवून येत नाही.

यावर काही जण म्हणतात, "खेड्यात चहूकडे रानच आहे, आणखी मोकळी जागा कशाला?" हा भ्रम आहे. रान मोकळे दिसते, पण ते दुसऱ्याचे असते. पेरणीनंतर त्यात पाय टाकता येत नाही आणि पावसाळ्यात बांधावर चिखल व साप. घरच्या सुना, म्हाताऱ्या सासूबाई, गुडघे दुखणारे आजोबा रानात फिरायला जात नाहीत. शिवाय आज दिसते ते रान दहा वर्षांनी प्लॉटिंगच होणार आहे. जुन्या गावठाणाला पार होता, देवळापुढचे पटांगण होते, गायरान होते. नव्या वसाहतीला यातले काहीच नाही.

मुलांचे नुकसान याहून मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास दमछाक होईल असे खेळले पाहिजे. डोळ्यांचाही प्रश्न आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्त उघड्यावर नेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसू लागले, तर इतर मुलांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. उघड्यावरचा उजेड डोळ्यांना मानवतो. मैदान नसले की मूल मोबाईलकडे वळते. त्याला रागावून काय उपयोग?

कायदाही आपल्या बाजूने आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जागा देणे बेकायदा ठरवले. रुग्णालय चांगलेच, पण ते बांधायचे म्हणून लोकांचे उद्यान घेता येत नाही. डॉक्टरी व्यवसायातील प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

म्हणून प्लॉट घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. रंगीत जाहिरातपत्रकावर विसंबू नका. मंजूर ले-आऊटचा नकाशा मागा आणि ओपन स्पेस प्रत्यक्ष पायांनी चालून पाहा. ती ओढ्यात असेल तर प्लॉट स्वस्त का आहे ते कळेल. आधीच राहायला गेला असाल तर प्लॉटधारकांनी एकत्र यावे, जागेची मोजणी करून घ्यावी, कुंपण घालावे आणि ग्रामसभेत विषय मांडावा. कडेने कडुनिंब व करंज लावा आणि मधला भाग मुलांसाठी मोकळा सोडा. फरशा आणि कारंजी नकोत; मुरमाची पायवाट, एक दिवा आणि बसायला दोन बाक पुरेत. पाणी मात्र साचू देऊ नका, नाहीतर डास होतील.

घराची एखादी खोली पुढेमागे वाढवता येते. ले-आऊटमधली गेलेली मोकळी जागा मात्र पुन्हा मिळत नाही. ती जायच्या आत जागे व्हा.